आप्पांचं सिंगापूर

आमच्या आप्पांना सिंगापूर दाखवायला नेलं आणि चार दिवस त्यांनीच आम्हाला भोर दाखवलं. भाताची लावणी उरकेपर्यंत त्यांनी विमानाचं नाव काढू दिलं नाही. निघाले ते शेंगदाण्याची चटणी, पांढरी टोपी आणि एक पालुपद घेऊन : "त्यात काय, आपल्याकडं हायेच की!"

समुद्र दाखवला. "भाटघरला पाणी काय कमी असतंय?" केबल कारमध्ये बसवलं. "आंबवड्याचा झुलता पूल यापरीस बरा, खाली नदी तरी दिसती."

मग लिटल इंडियात नेलं. सेरंगून रोडवर मोगऱ्याचा वास आला आणि आप्पा खुलले. वीरमाकालीअम्मनच्या गोपुरावर दाटीवाटीनं बसलेल्या रंगीत देवांना त्यांनी हात जोडले, एकाच हातानं. दुसऱ्या काखेत पिशवीत घातलेल्या चपला होत्या. टेक्का मार्केटात तमिळ भाजीवाल्याशी कढीपत्त्यावरून मराठीत घासाघीस केली. तो तमिळमध्ये उत्तरं देत होता. दोघंही मनापासून हसले. भाव उतरला नाही.

केरबाव रोडवर तान तेंग निया या चिनी व्यापाऱ्याचं घर आहे. दारं-खिडक्या, फळ्या, सगळं इतक्या रंगांत की होळीनंतर कुणी धुतलंच नाही असं वाटावं. गाईडबाई म्हणाल्या, १९०० सालचं.

"आमचा राजवाडा १८६९चा," आप्पा म्हणाले. एकतीस वर्षांनी जिंकले. "ह्यो मालक धंदा काय करायचा?"

"गोळ्या-मिठाईचे कारखाने होते."

"तरीच! उरलेला रंग भिंतीला लावला."

बाई पुढं म्हणाल्या, मलय भाषेत केरबाव म्हणजे म्हैस. या भागात पूर्वी गुरांचा व्यापार चाले, गोठे होते. शेजारचा रस्ता तर चक्क बफेलो रोड.

जन्मभर म्हशी राखलेला माणूस गप्प झाला. पालुपद येईना. बऱ्याच वेळानं म्हणाले, "आपल्याकडं पुढाऱ्यांच्या नावाचे रस्ते हायेत. म्हशीच्या नावाचा एकबी न्हाय." बफेलो रोडच्या पाटीखाली त्यांनी फोटो काढून घेतला. टोपी नीट करून. बाकी कुठं फोटोला उभे राहिले नव्हते.

परत आल्यावर वेल्ह्याचे व्याही भेटायला आले. (तालुक्याचं नाव आता राजगड झालंय, आप्पांच्या तोंडी अजून वेल्हंच.) त्यांनी विचारलं, "कसं काय सिंगापूर?"

"आपल्या भोरासारखंच," आप्पा म्हणाले, "नुसत्या म्हशी तेवढ्या ऱ्हायल्या न्हाईत."