घासलेटवाल्यांना, पोलादपूरहून

प्रति,
संचालक मंडळ, एक्झॉनमोबिल,
टेक्सास, अमेरिका.

विषय : १९७७ साली तुम्हाला कळलेली आणि आम्हाला न कळवलेली गोष्ट.

पत्राच्या सुरुवातीला आमच्याकडे सा. न. वि. वि. लिहायची रीत आहे. साष्टांग नमस्कार घालून विनंती करावी असं तुमच्या-आमच्यात काही उरलेलं नाही, म्हणून थेट मुद्द्यावर येतो.

तुमची-आमची ओळख जुनी आहे. विजेचे खांब चढून येण्याआधी या डोंगरातल्या वाड्यांवर चिमणी जळायची ती घासलेटवर. त्या काळी देशभर घासलेट विकणाऱ्या मोजक्या बड्या कंपन्यांत तुमची एस्सो होती. ट्रॉम्बेला तुमची रिफायनरी होती. १९७४ साली भारत सरकारने एस्सोचा इथला कारभार ताब्यात घेतला आणि त्यातून हिंदुस्तान पेट्रोलियम उभी राहिली. तुम्ही गेलात. घासलेट राहिलं, आणि त्याचा धूरही राहिला.

त्यानंतर तीनच वर्षांनी, जुलै १९७७ मध्ये, जेम्स ब्लॅक नावाचा तुमचाच शास्त्रज्ञ तुमच्या वरिष्ठांसमोर उभा राहिला. कोळसा आणि तेल जाळल्याने हवेत कार्बन डायऑक्साइड साठतोय आणि पृथ्वी त्याने तापणार आहे, हे त्याने स्पष्ट सांगितलं. तुम्ही ते हसण्यावारी नेलं नाहीत. १९७९ मध्ये तुम्ही तुमच्या एका महाकाय तेलवाहू जहाजावर हवेतला आणि समुद्रातला कार्बन मोजायची यंत्रं बसवलीत. १९८२ च्या तुमच्या अंतर्गत अहवालात एक आलेख आहे. २०२० च्या सुमारास हवेत या वायूचं प्रमाण किती असेल आणि तापमान किती चढलं असेल, ते त्यात काढलेलं आहे. २०२० साल आलं, गेलं, आणि आकडे जवळजवळ तिथेच येऊन थांबले. २०२३ मध्ये 'सायन्स' या नियतकालिकात तुमची ती जुनी भाकितं तपासून पाहिली गेली. बहुतेक खरी ठरली. तुमचे शास्त्रज्ञ उत्तम होते. हे मी मनापासून लिहितो, कारण त्यांच्या हुशारीनेच तुमचा गुन्हा मोठा होतो. ज्याला ठाऊक नव्हतं त्याला माफ करता येतं. तुम्ही मोजलं होतंत.

आणि मग तो कागद तुम्ही कपाटात घातलात. हवामानबदलावरच्या उपायांना विरोध करण्यासाठी उद्योगांनी १९८९ मध्ये आघाडी उभारली, तीत तुम्ही होतात. ऑक्टोबर १९९७ मध्ये तुमचे प्रमुख ली रेमंड बीजिंगला आले, म्हणजे आशियाच्या दारात आले, आणि म्हणाले की पृथ्वी वीस वर्षांपूर्वीपेक्षा थंड आहे. उपाय आत्ता केले काय नि आणखी वीस वर्षांनी केले काय, पुढच्या शतकाच्या मध्यावर फारसा फरक पडणार नाही, असंही त्यांनी सांगितलं. घरात एक हिशेब आणि ओट्यावर दुसरा, असं वागणाऱ्या सावकाराला आमच्या गावात काय म्हणतात ते इथे लिहिता येत नाही.

त्या वीस वर्षांतलं आमच्या सावित्री नदीच्या खोऱ्यातलं तुम्हाला सांगायला हवं.

जुलै २००५. महाड तालुक्यातली दासगाव, जुई, रोहण, कोंडिवते ही चार गावं दरडीखाली आली. दीडशेहून अधिक माणसं गेली. ऑगस्ट २०१६. महाड आणि पोलादपूरच्या मधला ब्रिटिशकालीन पूल रात्री सावित्रीच्या पुरात वाहून गेला, त्याबरोबर दोन एसट्या आणि त्यातली माणसं गेली. तुमची वीस वर्षं २०१७ मध्ये भरली. नंतरही पाऊस थांबला नाही. २२ जुलै २०२१ ला महाडमधल्या तळियेवर डोंगर आला. पोलादपूर तालुक्यात साखर सुतारवाडी आणि केवनाळे इथेही माणसं गाडली गेली. महाडची बाजारपेठ पाण्याखाली होती, आंबेनळी घाट तुटला होता, वीज नव्हती, फोन लागत नव्हते. मुंबईतला चाकरमानी दोन-दोन दिवस गावाला फोन लावत राहिला, आणि पलीकडून कोणी उचलेना.

त्या वेळी महाबळेश्वरला २३ जुलैच्या सकाळपर्यंतच्या चोवीस तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस पडला. सावित्री तिथेच उगम पावते आणि कडा उतरून पोलादपुरात येते, म्हणून तिथला पाऊस म्हणजे आमचाच. मिलिमीटर तुम्हाला कळतात, आम्हाला गुंठ्यात कळतं. ५९४ मिलिमीटर म्हणजे एका गुंठ्यावर साठ हजार लिटर पाणी. दहा हजार लिटरचे सहा टँकर, एका गुंठ्यावर, एका दिवसात. आणि याच पोलादपूर तालुक्यातल्या वाड्यांना एप्रिल-मेमध्ये पाण्यासाठी टँकरची वाट पाहावी लागते. जी बाई मे महिन्यात हंडा घेऊन टँकरमागे धावते, तिच्याच घरामागचा डोंगर जुलैमध्ये पाण्याने फुगतो.

हवा एक अंशाने तापली की ती सुमारे सात टक्के जास्त बाष्प धरते. अरबी समुद्र तापलाय, आणि आमचा सगळा पाऊस त्याच समुद्रावरून येतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिलं की मध्य भारताच्या पट्ट्यात अतिवृष्टीच्या मोठ्या घटना १९५० ते २०१५ या काळात तिपटीने वाढल्या. पाऊस पडायला लागला की धोधो. लावणीला हवा असतो तेव्हा दडी मारतो आणि भाताचं आवण पिवळं पडतं. मग चार दिवसांत महिन्याचा कोसळतो.

तळियेचा डोंगर तुम्ही एकट्यांनी ढकललात, असा माझा आरोप नाही. दरड कोसळायला झाडं तोडणं कारण असतं, रस्त्यासाठी पायथा खणणं कारण असतं, मुळातली भुसभुशीत जमीन कारण असते, आणि कोकणात पाऊस पूर्वीही मुसळधार पडायचा. पण आधीच भरलेल्या पाठीवर आणखी एक पोतं टाकणाऱ्याला, पाठ मोडल्यावर 'मी फक्त एकच टाकलं' असं म्हणून सुटता येत नाही. तेही आधी वजन करून, लिहून ठेवून टाकलेलं पोतं असेल तर मुळीच नाही.

यावर तुमच्या बाजूचे लोक विचारतात, की तेल जाळता तुम्हीच ना? हो, जाळतो. पोलादपूरहून मुंबईला जाणारी एसटी डिझेलवर चालते, आणि आमचे दिवेही बव्हंशी कोळशाच्याच विजेवर लागतात. पण मोजायचंच तर पुरतं मोजू. अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे चौदा टन कार्बन डायऑक्साइड निघतो, भारतात सुमारे दोन टन. आजवर हवेत साठलेल्यातला जवळपास चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे, भारताचा तीन टक्क्यांच्या आसपास. वरकस जमिनीवर नाचणी नि वरी लावणाऱ्या कुटुंबाचा वाटा त्यातही किती असेल ते तुमच्या शास्त्रज्ञांनी काढावं. शिवाय दुसरी वाट असते हे तुम्हीच आमच्यापासून लपवलंत. १९७७ मध्ये तुम्ही खरं बोलला असतात, तर सूर्याची वीज वाडीवर यायला चाळीस वर्षं लागली नसती.

आता हे पत्र इथल्या सत्ताधाऱ्यांनीही वाचावं, गेल्या पंधरा वर्षांतल्या सगळ्याच पक्षांच्या. कारण कागद दडवायची विद्या त्यांनाही येते. पश्चिम घाट कसा वाचवावा हे सांगणारा अहवाल माधव गाडगीळ समितीने ऑगस्ट २०११ मध्ये केंद्र सरकारला दिला. तो लोकांसमोर यायला २०१२ चा मे उजाडला, तोही माहिती आयोगाने आणि दिल्ली उच्च न्यायालयाने भाग पाडल्यावर. पुढे दुसरी समिती नेमली, मसुद्यांवर मसुदे निघाले. सहावा मसुदा ३१ जुलै २०२४ ला निघाला, केरळातल्या वायनाडची दरड कोसळल्याच्या दुसऱ्या दिवशी. मधल्या काळात दरडींनी गावं गाडली: माळीण झालं, तळिये झालं, इर्शाळवाडी झाली. तळियेला दोन वर्षंही झाली नव्हती तेव्हा, एप्रिल २०२३ मध्ये, खाली रत्नागिरीत बारसूच्या सड्यावर तेल रिफायनरीच्या माती परीक्षणासाठी पोलीस उभे होते आणि गावातल्या बाया रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या.

आमच्याकडे पावसाळ्याच्या तोंडावर दरडप्रवण वाड्यांना नोटिसा येतात: सुरक्षित जागी जा. ती जागा कुठली, हे बहुतेकदा वाडीनेच शोधायचं. दुर्घटना झाली की पंचनाम्यात 'नैसर्गिक आपत्ती' लिहिलं जातं. निसर्गाच्या नावावर टाकलं की माणसांची चौकशी होत नाही. त्या दोन शब्दांत तुम्हीही सुरक्षित आणि आमचे मंत्रीही सुरक्षित.

२३ जुलै २०२५ ला, तळियेच्या चौथ्या वर्षश्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी, हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने आपलं मत दिलं: हवामानाला होणारी हानी रोखणं हे देशांचं कायदेशीर कर्तव्य आहे, आणि खनिज इंधनाला परवाने आणि अनुदानं देत राहणं हे त्या कर्तव्याचा भंग ठरू शकतं. वानुआतू नावाच्या इवल्या बेटांच्या देशाने हे करवून घेतलं. त्यांना जमलं, तर महाड-पोलादपूरच्या ग्रामसभांनाही ठराव करता येईल. गावकऱ्यांनो, येत्या ग्रामसभेत तो करा. पंचनाम्यात पावसाचा आकडा लिहून घ्या, डोंगर कोणी कापला ते लिहून घ्या, पुनर्वसनाची जागा आणि तारीख लिहून घ्या, आणि मत मागायला येणाऱ्याकडून पश्चिम घाटाच्या अहवालावर लेखी उत्तर घ्या.

तुमच्याकडे मागणी दोनच. कपाटातले सगळे कागद उघडा. आणि नुकसानभरपाई द्या, देणगी नको. २०२२ या एका वर्षात तुम्हाला सुमारे ५,५७० कोटी डॉलर नफा झाला.

तळियेत चार-पाच दिवसांनी शोध थांबवण्यात आला. तीसेक माणसं सापडलीच नाहीत. ती मृत म्हणून जाहीर झाली आणि अजून त्याच मातीखाली आहेत.

सावित्रीकाठचा एक रहिवासी,
पोलादपूर, जि. रायगड.