कर्ज भागिले कमाई : नवशिक्यांसाठी सोपे धडे

कंपनीची तब्येत जोखायला भागाकार येत असला की पुरे. अंशात एकूण कर्ज मांडा, छेदात वर्षाची कमाई. कर्ज ६०० कोटी, कमाई २०० कोटी, उत्तर ३. दोन-तीनपर्यंत निवांत झोपावं. सहाच्या वर गेल्यास काळजी करावी, असं अमेरिकी बँक नियामकांनी २०१३ साली सांगितलं होतं.

अंश ३१ मार्चचा असतो, हे ध्यानात ठेवा. शेवटच्या आठवड्यात पुरवठादारांची बिलं अडवून कॅश क्रेडिटचं कर्ज भरून टाकलं, की ताळेबंद उजळ दिसतो. व्याजाला मात्र ३१ मार्च कळत नाही. वर्षाचं व्याज ९० कोटी आणि दर साधारण ९ टक्के असेल, तर सरासरी कर्ज १,००० कोटी होतं. म्हणजे उत्तर ५. हे कुणाला सांगत बसू नका, शेअर पडतो.

आता छेद. इथे नफा चालत नाही, एबिटडा लागतो : व्याज, कर, घसारा आणि घसाऱ्याची भावंडं कापण्याआधीची कमाई. तो पुढे आणला अमेरिकेतल्या केबल टीव्हीवाल्या जॉन मॅलोन यांनी. एकदा टाकलेली केबल वर्षानुवर्षं चालायची, त्यामुळे तिथे त्यात थोडा अर्थ होता. पोलाद कारखान्याच्या भट्टीचं अस्तर मात्र झिजतं, आणि ते बदलायला रोख पैसे लागतात. पण असल्या क्षुल्लक गोष्टींत अडकायचं नाही.

उत्तर फारच मोठं आलं तर घाबरू नका. कर्ज कमी करायला पैसा लागतो, छेद वाढवायला शब्द पुरतात. ऑफिसच्या जागा भाड्यानं देणाऱ्या वीवर्कनं २०१८ मध्ये रोखे विकताना ‘कम्युनिटी अ‍ॅडजस्टेड एबिटडा’ काढला. त्यात जाहिरात आणि ऑफिसचा कारभारसुद्धा खर्चातून वगळला होता. नोव्हेंबर २०२३ मध्ये कंपनीनं दिवाळखोरीचा अर्ज केला. वर्ल्डकॉम या अमेरिकी टेलिफोन कंपनीनं नवा शब्द शोधायचेही कष्ट घेतले नाहीत. इतरांच्या टेलिफोन लाइन वापरण्याचा खर्च सरळ भांडवली खर्चात टाकला. भांडवली खर्च एबिटडाला शिवत नाही, त्यामुळे कमाई टम्म फुगली. जून २००२ मध्ये बाहेर आलेला घोटाळ्याचा पहिलाच आकडा ३८० कोटी डॉलरचा होता.

तुरुंगाची भीती वाटत असेल, तर कायदेशीर वाटही आहे. १ एप्रिल २०१९ पासून भाडेकरारांच्या हिशेबाचं मानक इंड एएस ११६ लागू झालं आणि दुकानांचं बहुतेक भाडं हिशेबात घसारा व व्याज बनलं. विक्री एका रुपयानं न वाढता एबिटडा वाढला. जागामालकाचा चेक होता तेवढाच राहिला. याच नियमानं भाड्याची पुढची देणीही ताळेबंदात येतात. तेव्हा सादरीकरणात एबिटडा नव्या हिशेबाचा घ्यावा आणि कर्ज जुन्या हिशेबाचं. तळटीप बारीक अक्षरात.

आणि हो, बँका किंवा गृहकर्ज कंपन्यांना हे गणित लावू नका. व्याज कापण्याआधीची त्यांची कमाई म्हणजे कांद्याचे पैसे न धरता काढलेला भजीचा नफा.