कंट्रोलरसाहेबांचं परराष्ट्र खातं

दिल्लीने विचारलं नाही म्हणून देशाचं नुकसान झालं, असं ठाम मानणारा एक तरी माणूस प्रत्येक गावात असतो. आमच्या रत्नागिरीतला एस.टी.तून निवृत्त झाला आहे.

वाहतूक नियंत्रक म्हणून त्यांची हयात स्टँडवर गेली. नोकरी संपून बरीच वर्षं झाली, तरी गावाला ते अजून कंट्रोलरसाहेबच आहेत. पांढरा शर्ट, खिशाला एक निळं आणि एक लाल पेन, काखेत चौघडी घातलेला पेपर. संध्याकाळी ऊन उतरलं की ते मांडवीला येतात, कठड्यावर रुमाल अंथरतात आणि समुद्राकडे तोंड करून बसतात. मांडवीहून नाकासमोर सरळ पश्चिमेला गेलं तर थेट ओमानचं सलाला बंदर लागतं, हे मला त्यांनीच सांगितलं. मी नकाशात पाहिलं, खरं निघालं. त्यामुळे ओमान, येमेन, सोमालिया हे विषय ते समुद्राकडे बघत बोलतात. चीन निघाला की मात्र उठतात, रुमाल फिरवतात आणि मारुती मंदिराच्या दिशेला तोंड करून बसतात.

सुरुवात ठरलेली. इकडेतिकडे बघायचं, आवाज खाली आणायचा आणि म्हणायचं, "आतली गोष्ट सांगतो." ती गोष्ट सकाळच्या पेपरात आतल्या पानावर आलेली असते. तिच्याखाली लाल पेनाने रेघ मारलेलीही असते. पण ती ऐकताना आपण साउथ ब्लॉकच्या जिन्याखाली उभे आहोत असं वाटतं, एवढं मात्र खरं.

सिद्धांत एकच आणि तो एस.टी.चा. परराष्ट्र धोरण म्हणजे गाडी. लष्कर हा ड्रायव्हर. वकिलातीतले लोक कंडक्टर, कारण बोलायचं, समजूत काढायची आणि सुटे पैसे नाहीत म्हणून शिव्या खायच्या त्यांनी. आणि दुसऱ्या देशांत रस्ते, धरणं, इस्पितळं बांधून देणारे ते वर्कशॉप. "तिघंही कामाची माणसं हो," कंट्रोलरसाहेब म्हणतात, "पण स्टँडवर कंट्रोलर नसेल तर काय होतं? ड्रायव्हर चहाला, कंडक्टर कॅशला, गाडी डेपोत, नि पॅसेंजर बोंबलतायत!"

मग ते एकेका देशाचा हिशोब तपासतात. त्यांच्याकडे शेरे दोनच. गाडी डबल बेलवर निघाली किंवा बेलशिवाय निघाली.

२००४ च्या डिसेंबरातली त्सुनामी डबल बेलमध्ये. आपल्या किनाऱ्यावर हाहाकार उडालेला असतानाही नौदलाची जहाजं श्रीलंका, मालदीव, इंडोनेशियाकडे मदत घेऊन निघाली. जहाज लष्कराचं, आत औषधं आणि पाणी, बोलणी वकिलातीची. हे सांगताना कंट्रोलरसाहेबांचा चेहरा गणपतीच्या जादा गाड्या वेळेवर सुटल्यासारखा उजळतो. चाकरमान्यांच्या परतीच्या जादा गाड्या त्यांनी वर्षानुवर्षं सोडल्या आहेत. ज्याने त्या सोडल्या त्याला युनोने काही शिकवायला जाऊ नये, हे त्यांचं मत मलाही पटतं.

१९८७ ची श्रीलंका मात्र लाल पेनात. जुलैत करार झाला आणि सह्यांची शाई वाळायच्या आत शांतिसेना रवाना झाली. "कंडक्टर तिकिटंच फाडतोय आणि याने गाडी काढली! तमिळ वाघांना नीट विचारलं कुणी? सिंहली लोकांना विचारलं?" १९९० च्या मार्चमध्ये फौज परतली तेव्हा सुमारे बाराशे जवान गेलेले होते. हा आकडा सांगताना ते एस.टी. मध्ये आणत नाहीत. थोडा वेळ समुद्राकडे बघत राहतात.

अफगाणिस्तान निघाला की त्यांच्यातला कामगार जागा होतो. झरंज ते देलाराम २१८ किलोमीटरचा रस्ता आपल्या सीमा सडक संघटनेने बांधून २००९ साली ताब्यात दिला. २०१५ ला काबूलचं संसदभवन, २०१६ ला हेरातकडचं सलमा धरण. "वर्कशॉप एक नंबर! पण गाडीवर ड्रायव्हर दुसऱ्याचा. तो २०२१ च्या ऑगस्टात मधल्याच स्टॉपवर उतरून गेला." अमेरिकेवर तर त्यांचा दुहेरी राग. विकास, मुत्सद्देगिरी आणि संरक्षण हातात हात घालून चालले पाहिजेत, हे हिलरी क्लिंटन बाईंनी जगाला ऐकवलं. आणि त्याच देशाने केनेडींनी १९६१ मध्ये काढलेली यूएसएड २०२५ साली मोडीत काढली. "वर्कशॉपच बंद केलं मेल्यांनी! आता पंक्चर झाली की पोलीस बोलावणार काय?"

मी एकदा म्हटलं, "साहेब, आपल्याकडे आहे की कंट्रोलर. राष्ट्रीय सुरक्षा परिषद आहे, सल्लागार आहेत."

"१९९८ साली नेमला. माहीत आहे मला."

"२०१२ साली परराष्ट्र मंत्रालयात विकासकामांचा वेगळा विभागही झाला."

"झाला. पण कर्ज देणार एक्झिम बँक, व्याजाची सवलत अर्थखात्याची, जहाज संरक्षणखात्याचं, आणि सगळ्या जगात मिळून परराष्ट्र सेवेची माणसं साधारण हजारभर. आमच्या डिव्हिजनला याहून जास्त होती!"

"मग अडलंय कुठे?"

"कंट्रोलर आहे," ते म्हणाले. "लाउडस्पीकर नाही."

हे हसण्यावारी नेऊन मी घरी आलो खरा, पण जेवताना लक्षात आलं की दिल्लीतल्या चर्चासत्रांत मोठमोठे लोक पानंच्या पानं वाचून तेवढंच सांगत असतात.

आता रत्नागिरीच्याच माणसाला हा नाद का, असं पाहुण्यांना वाटतं. आमच्या गावाचा परराष्ट्र धोरणाशी संबंध थेट राजघराण्याचा आहे. बाहेरचा माणूस आला की कंट्रोलरसाहेब त्याला थिबा राजवाडा दाखवायला नेतात, आणि वास्तू राहते बाजूला. १८८५ साली ब्रह्मदेशच्या दरबाराने बॉम्बे बर्मा या सागवान कंपनीला दंड ठोठावला. लगेच इंग्रजांनी निर्वाणीचा खलिता धाडला, मागोमाग पलटण बोटींत बसून इरावतीतून वर गेली, आणि पंधरवड्याभरात मंडाले पडलं. "कंपनी, खलिता आणि पलटण! तिघांना एकच बेल! याला म्हणतात समन्वय," असं ते सांगतात तेव्हा पाहुणा भारावून मान हलवतो. पण समन्वय इतका चोख असला की समोरच्याचं काय होतं, तेही आमच्या गावाने पाहिलंय. ब्रह्मदेशचा पदच्युत राजा थिबा १८८६ ते १९१६ अशी तीस वर्षं इथे नजरकैदेत होता. राजवाडा बांधून मिळाला तो १९१० मध्ये, म्हणजे राहायला जेमतेम सहा वर्षं. हा मुद्दा मी काढला की कंट्रोलरसाहेब "होय, तेही आहेच" म्हणतात आणि पाहुण्याला लाकडी नक्षी दाखवायला लागतात.

२०१२ च्या डिसेंबरात म्यानमारचे अध्यक्ष थेन सेन थिबाच्या समाधीचं दर्शन घ्यायला रत्नागिरीला आले. कंट्रोलरसाहेब गर्दीत होते. त्या वर्षी त्यांनी गाड्या पाहिल्या होत्या. पुढच्या वर्षी काचेआडून हात हलताना पाहिला. हल्ली अध्यक्षांनी थांबून त्यांच्याकडे निरखून पाहिलेलं असतं. अजून काही वर्षं गेली की म्यानमारातल्या सित्तवे बंदराची सगळी मसलत तिथेच रस्त्यावर झालेली असणार. मी वाट बघतोय.

दुसरा धडा हापूसचा, आणि इथे बागायतदारही कान देऊन ऐकतात. अमेरिकेने १९८९ पासून आपला आंबा बंद ठेवला होता. मार्च २००६ मध्ये बुश दिल्लीला आले, अणुकराराची बोलणी पुढे सरकली, त्याच भेटीत आंब्याचं घोडंही पुढे दामटलं गेलं, आणि एप्रिल २००७ मध्ये पहिल्या पेट्या गेल्या. आपल्याकडून हार्ले-डेव्हिडसनच्या मोटारसायकलींना वाट मिळाली. मौज म्हणजे त्या पेट्यांना आधी लासलगावला अणुऊर्जा खात्याने उभारलेल्या केंद्रात किरणांखालून जावं लागलं. शेतीखातं, अणुखातं, परराष्ट्रखातं, सगळे एका पेटीभोवती! उलट १ मे २०१४ ला युरोपने फळमाशीपायी हापूस बंद केला, आणि त्यासोबत वांगी, कारली, पडवळ आणि अळूही. हापूसची बंदी २०१५ च्या जानेवारीत उठली, पण कंट्रोलरसाहेबांचा राग अळवावरून आहे. "अरे, ज्यांना फदफदं ठाऊक नाही ते अळू तपासणार!"

एवढा निर्भीड माणूस, पण एका विषयावर त्यांची वाचा बसते. तो म्हणजे आमचाच जिल्हा. डिसेंबर २०१० मध्ये फ्रान्सचे अध्यक्ष सार्कोझी आले, जैतापूरच्या अणुभट्ट्यांचा करार झाला. सहा भट्ट्या, ९,९०० मेगावॅट. त्यानंतर फ्रान्समध्ये कंपनी बदलली, सरकारं बदलली, जैतापूरजवळच्या माडबनच्या सड्यावर भट्टी काही उभी राहिली नाही. २०१८ साली सौदी अरामकोशी नाणारच्या रिफायनरीचा करार झाला, वर्षाला सहा कोटी टनांची, आणि २०१९ च्या मार्चमध्ये भूसंपादनाची अधिसूचनाच रद्द झाली. दिल्लीत सही, गावात नाही. त्यांच्याच सिद्धांतात बसणारं इतकं सरळ उदाहरण, पण ते त्याला हात लावत नाहीत. काकूंचं, म्हणजे त्यांच्या पत्नीचं, माहेर या दोन्ही प्रकल्पांच्याच राजापूर तालुक्यात. एक मेहुणा विरोधात उपोषणाला बसलेला, दुसऱ्याने जमीन दिलेली. जैतापूर शब्द कानावर पडताच कंट्रोलरसाहेब घड्याळ बघतात, रुमाल झटकतात आणि "निघतो, काकू वाट बघत असतील" म्हणतात. नेहरूंनंतर अलिप्तता इतक्या निष्ठेने पाळणारा दुसरा माणूस माझ्या पाहण्यात नाही.

घरचं परराष्ट्र धोरण गडग्यावर चालतं. पलीकडे चुलतभाऊ राहतो. जांभ्याचा गडगा पावसाळ्यात कोसळला आणि पुन्हा रचताना तो हातभर इकडे सरकला, असं यांचं म्हणणं. तिकडे सरकला, असं त्याचं. साहेबांनी भूमी अभिलेखमध्ये मोजणीचे पैसे भरले. पुण्याच्या मुलाला हे ठाऊक नाही, त्याने काकाला फोन करून "जाऊ द्या ना, आपण एकत्र बसू" म्हटलं. काकूंना दोन्ही ठाऊक नाही. पलीकडचा पंप जळला म्हणून त्यांनी आपल्या विहिरीवरून पाइप टाकून दिला. हे सगळं एका दिवसात. संध्याकाळी चुलतभाऊ एका हातात मोजणीची नोटीस आणि दुसऱ्या हातात पाइपचं टोक घेऊन अंगणात आला आणि म्हणाला, "दादा, तुम्हांला नक्की करायचंय काय?"

कंट्रोलरसाहेबांना त्या क्षणी काही सुचलं नाही. "पाणी कुणी पाजलं?" असं काहीतरी पुटपुटले. मालदीववर चिडले की हेच वाक्य म्हणतात, २०१४ साली मालेचा पाण्याचा कारखाना जळला तेव्हा आपण विमानांनी आणि जहाजांनी पाणी पोचवलं होतं ना! आतून काकू म्हणाल्या, "मग मालदीवला बिल लावा. भावोजी, चहा ठेवलाय, बसा."

मोजणी व्हायची ती झाली. निघाली वीतभर, आणि तीही कुणाच्या बाजूने यावर दोन मतं आहेत. गडगा आहे तिथेच आहे. दोघं सकाळी त्याच्या दोन बाजूंनी उभे राहून चहा पितात आणि चीनवर बोलतात. त्या बाबतीत त्यांच्यात संपूर्ण एकमत आहे.

कोस्ट गार्डचं विमान डोक्यावरून गेलं की हा माणूस मांडवीला उभा राहतो, वेळ बघतो आणि निळ्या पेनाने पेपरच्या कडेला टिपून ठेवतो. कशासाठी, विचारलं तर म्हणतात, "कुणीतरी नोंद ठेवायला हवी." त्या नोंदी कुणी मागणार नाही, हे त्यांनाही कळतं. नोंद चुकत नाही.

तुम्ही रत्नागिरीला आलात तर त्यांना जरूर भेटा. माणूस लाखाचा, बोलणं ऐकण्यासारखं, आणि चहाचे पैसे तुम्हांला देऊ देणार नाहीत. फक्त रातराणीचं तिकीट काढलेलं असेल तर म्यानमार काढू नका. चुकून निघालाच, तर शांतपणे जैतापूर म्हणा. पाच मिनिटांत मोकळे व्हाल.