युरोपवाले नाना

मुलगा पुण्याला नोकरीला लागला तर बापाच्या बोलण्यात फारसा फरक पडत नाही. तो फ्रँकफुर्टला गेला, की मात्र बाप विमानांची चौकशी खिडकी होतो. आमच्या नामपुरात ही जमात अलीकडे वाढली आहे. डाळिंबाच्या पैशावर पोरगा जर्मनीला धाडायचा आणि आपण पारावर बसून युरोपचं वेळापत्रक सांगायचं. नावं घेत नाही. सगळ्यांना मिळून नाना म्हणू.

नानांच्या ओसरीत दोन घड्याळं असतात. एक आपलं, एक जर्मनीचं. जर्मनीचं उन्हाळ्यात साडेतीन तास मागे, हिवाळ्यात साडेचार. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी नाना स्टुलावर चढून त्याचा काटा फिरवतात. एक वेळ पोळा विसरतील, हा मुहूर्त नाही.

कुठलंही अंतर त्यांना नामपूरच्या मापानंच कळतं. ‘लंडन-पॅरिस ना? साडेतीनशे किलोमीटरच्या आत. आपलं नामपूर-पुणे धर. विमानाला सव्वा तास.’ ताशी आठशेनं उडणाऱ्या विमानाला सव्वा तास कशाला, असं एखादं दहावीतलं पोर विचारतं आणि फसतं. ‘कांद्याचा लिलाव किती मिनिटांचा असतो? अन् ट्रॅक्टर रांगेत किती वेळ उभा असतो? तसंच ते! आधी धावपट्टीपर्यंत रांगायचं, मग चढायचं, चढून होत नाही तोवर उतरायचं, परत रांगायचं. शहाणा माणूस आगगाडीनं जातो. समुद्राखालून. १९९४ पासून चालू आहे. सव्वादोन तासांत थेट गावात.’ नाना स्वतः मनमाडहून गाडीत बसले, ते पंढरपूरला जायला.

त्यांचा हुकमी एक्का वेगळाच. ‘फ्रँकफुर्टहून नऊला निघालेलं विमान लंडनला नऊ चाळीसला उतरतं.’ सगळा पार गप्प. चहा येईपर्यंत नाना तसेच बसून राहतात. मग सांगतात, की प्रवास एक तास चाळीस मिनिटांचाच, पण लंडनचं घड्याळ तासभर मागे. येताना तोच तास परत द्यावा लागतो, हे ते सांगत नाहीत. फायद्याचा हिशेब सांगावा, तोट्याचा मनात ठेवावा, ही शेतकऱ्याच्या उलट रीत नानांनी कुठून उचलली कोण जाणे.

त्यांना हरवलं एकदा नानींनी. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे असं विमान आहे, पावणेतीन किलोमीटर, दोन मिनिटांत खाली, असं नाना रंगवून सांगत होते.

‘एवढ्यासाठी विमान? पायी जावं.’

‘मध्ये समुद्र आहे.’

‘मग आपल्या मोसम नदीवर आहे तसा पूल बांधावा.’

नाना त्या दिवशी लवकर जेवले.

पासपोर्ट काढलेला आहे, कपाटात आहे. कांदा निघाला की जाऊ, डाळिंबाचा बहार संपला की जाऊ. मुंबई-फ्रँकफुर्ट नऊएक तास, हे पाठ. नामपूरहून मुंबईचं विमानतळ गाठून तिथे तीन तास आधी उभं राहायचं, तर जवळपास तेवढाच वेळ जमिनीवर जातो. तो नाना धरतच नाहीत.

युरोपात कुठूनही कुठे जायचं असेल तर नानांना जरूर विचारा. तिकिटाचा दर मात्र विचारू नका. तो मुलगा त्यांना सांगत नाही.