लग्नाची कॅसेट टीव्हीवर लावण्याचा सुलभ विधी

सत्यनारायणाची पोथी घरोघरी सापडते, पण लग्नाच्या शूटिंगचा पेन ड्राइव्ह टीव्हीला कसा लावावा याची पोथी अजून कुणी छापलेली नाही. सत्यनारायणात चुकलं तर गुरुजी सांभाळून घेतात. इथे दिवाणखान्यात वीस माणसं, हातात चिवड्याच्या बशा आणि पडद्यावर 'फाइल सपोर्ट करत नाही' एवढीच अक्षरं. म्हणून हा विधी.

यजमान म्हणून घरातला 'कम्प्युटरमधला' माणूस निवडावा. तो प्रत्यक्षात विमा कंपनीत हिशेब पाहत असला तरी चालेल. कम्प्युटरसमोर बसून पाहतो ना, तेवढं पुरे. जावई असल्यास उत्तम, कारण 'तुम्ही इंजिनिअर ना?' हा मंत्र सासरेबुवांच्या मुखातून योग्य क्षणी येतोच. पूर्वतयारी आदल्या रात्रीच उरकावी. मंडळी जमल्यावर पेन ड्राइव्ह पहिल्यांदा टीव्हीला खोचणं निषिद्ध मानलं आहे.

प्रथम फाइलचं गोत्र विचारावं. नावाच्या शेवटी एमपी४, एमकेव्ही किंवा एमओव्ही असं जे असतं ते वरचं वेष्टन. आत चित्र कोणत्या पद्धतीने दाबून भरलंय, म्हणजे कोडेक कोणता, हे निराळंच. एच.२६४ हा कोडेक २००३ सालचा, एच.२६५ हा २०१३चा आणि एव्ही१ हा २०१८चा. टीव्हीच्या पोटात ही चित्रं उलगडणारी चिप असते आणि तिला कारखान्यात जेवढं शिकवलं तेवढंच येतं. लॅपटॉपचा प्रोसेसर मात्र सॉफ्टवेअरच्या जोरावर बरंच काही रेटून नेतो. म्हणून 'माझ्याकडे तर व्यवस्थित चालत होतं' हे शूटिंगवाल्याचं वाक्य खरंही असतं आणि निरुपयोगीही. काही यजमान एमकेव्ही खोडून तिथे एमपी४ लिहितात. नाव बदलल्याने गोत्र बदलत नाही, हे लग्नघरात तरी सांगावं लागू नये.

गोत्र कळण्यासाठी व्हीएलसी हा प्लेअर घ्यावा. पॅरिसच्या एका अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या विद्यार्थ्यांच्या उद्योगातून तो निघाला. फुकट आहे, आणि रस्त्यावरचा नारिंगी शंकू हे त्याचं चिन्ह आहे. त्यात फाइल लावून 'टूल्स'मधलं 'कोडेक इन्फर्मेशन' उघडावं. तिथे एच.२६४ दिसलं तरी लगेच नारळ फोडू नये. रंग ८ बिटांत आहेत की १० बिटांत, तेही पाहावं. १० बिटांचं एच.२६४ पुष्कळ टीव्हींना झेपत नाही, आणि हे ते कबूलही करत नाहीत. नुसता काळा पडदा धरून बसतात. अमेरिकेतल्या भाच्याने आयफोनवर काढलेली वरात आली असेल तर ती बहुधा एच.२६५मध्ये असणार, कारण २०१७च्या आयओएस ११पासून बऱ्याच आयफोनांची तीच सवय आहे. पुढच्या लग्नाआधी त्याला कॅमेऱ्याच्या 'फॉरमॅट्स'मध्ये 'मोस्ट कम्पॅटिबल' निवडायला सांगावं. तो 'हो मावशी' म्हणेल आणि विसरेल.

आता मुख्य संकल्प. फाइल घरातल्या सर्वांत जुन्या टीव्हीला विचारून करावी, सर्वांत नव्या कॅमेऱ्याला विचारून नव्हे. शूटिंगवाला 'फोर-के आहे' असं अभिमानाने सांगतो. त्याचा कॅमेरा सेकंदाला १०० मेगाबिट लिहीत असेल तर तासाचे ४५ जीबी झाले, आणि त्यातली दहा मिनिटं पंगतीत जिलबी वाढणाऱ्याच्या नुसत्या हाताची आहेत. एवढं घरातल्या वाय-फायवरून टीव्हीकडे पाठवायला जाल तर गोल फिरणाऱ्या चक्राचं दर्शन घडेल. वायर जोडून पाहावी तर अनेक टीव्हींचं नेटवर्कचं भोकच मुळी १०० मेगाबिटांचं असतं.

त्यापेक्षा एमपी४ वेष्टन, आत ८ बिटांचं एच.२६४, चौकट १९२० बाय १०८०, सेकंदाला ८ मेगाबिट आणि आवाज एएसीमध्ये, असं रूप द्यावं. आवाजाकडे दुर्लक्ष नको: काही कॅमेरे एमपी४मध्ये पीसीएम नावाचा न दाबलेला आवाज ठेवतात, मग पडद्यावर वाजंत्री गाल फुगवतात आणि घरात शांतता. अशा वेळी तीन माणसं रिमोटवर म्यूटचं बटण शोधतात.

८ मेगाबिटांनी तासाची फाइल सुमारे ३.६ जीबीची होते, आणि या आकड्याला महत्त्व आहे. काही जुन्या टीव्हींना फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेलाच पेन ड्राइव्ह वाचता येतो, आणि फॅट३२मध्ये ४ जीबीची एकच फाइल मावत नाही. ड्राइव्ह ६४ जीबीचा असो आणि सबंध रिकामा असो. तेव्हा तासातासाचे भाग पाडावेत. मात्र ते घड्याळ पाहून नव्हे, विधी पाहून. सीमांतपूजन पहिल्या भागात संपवावं. मंगलाष्टकांच्या मध्ये भाग तोडलात तर ज्या काकूंचं अष्टक दुसऱ्या भागात गेलं त्या ते मुद्दाम केलं असंच धरून चालतात, आणि फॅट३२ची मर्यादा त्यांना समजावण्याची भाषा माझ्या माहितीत तरी नाही.

रूपांतराला हँडब्रेक घ्यावं. हेही फुकट, चिन्ह म्हणून अननस आणि शेजारी पेला, तरी सोवळ्यात चालतं. त्यात सेकंदाला किती चित्रं हे 'सेम ॲज सोर्स' ठेवावं. आपल्याकडचे अनेक शूटिंगवाले २५ने काढतात. त्याचे जबरदस्तीने ३० केले की दर पाच चित्रांमागे एक चित्र दोनदा दाखवावं लागतं आणि नवरीमागून फिरणारा कॅमेरा ठेचा खात चालतो. फोनवरच्या शूटिंगचा वेग तर क्षणाक्षणाला बदलतो, तिथे 'कॉन्स्टंट' हा पर्याय दाबावा. नाहीतर आवाज मागे पडत जातो आणि अंतरपाट दूर होऊन हार घातले गेल्यावर गुरुजी 'सावधान' म्हणतात. काम रात्रभर चालेल. लॅपटॉपवर 'झाकण लावू नये' अशी चिठ्ठी चिकटवावी, कारण पहाटे कुणीतरी 'उघडाच राहिला वाटतं' म्हणून ते लावणारच.

टीव्हीकडूनही थोडं प्रायश्चित्त घ्यावं. चित्र मोठं करून कडा कापायची काहींना खोड असते. खाली लिहिलेलं 'चि. सौ. कां.' निम्मं दिसेनासं होतं. चित्राच्या आकारात 'जस्ट स्कॅन' किंवा 'स्क्रीन फिट' असं काही सापडेल ते निवडावं. हालचाल गुळगुळीत करणारी सेटिंग बंद करावी. 'व्हिव्हिड' बंद करावं असं शास्त्र सांगतं, पण त्यात शालू झगझगीत दिसतो, तेव्हा इथे सासूबाईंचं मत शास्त्राहून वरचं.

हँडब्रेकमधली एक सेटिंग कुणी सांगत नाही, आणि खरं काम तीच करते. दाबलेल्या व्हिडिओत पूर्ण चित्र अधूनमधूनच असतं. त्याला कीफ्रेम म्हणतात, आणि मधली चित्रं म्हणजे नुसता फरकाचा हिशेब. दोन कीफ्रेममध्ये २५० चित्रांचं अंतर असेल, तर २५च्या वेगाने ते १० सेकंदांचं झालं. पुढे ढकलताना बरेच टीव्ही कीफ्रेमवरच जाऊन थांबतात, मधल्या माणसांना वगळून. जमलेली मंडळी लग्न पाहायला आलेली नसतात, स्वतःला पाहायला आलेली असतात. पाचव्या मिनिटाला 'जरा पुढे घे' सुरू होतं. म्हणून हे अंतर ५०वर आणावं, म्हणजे दोन सेकंदांच्या आत नेम लागतो. शिवाय आत्या कितव्या मिनिटाला आहेत, पुण्याचे काका कुठे जेवायला बसलेत, हे आदल्या रात्रीच कागदावर टिपून तो यजमानाने खिशात ठेवावा. आत्या चित्रात कुठेच नसतील तर तो भाग पेन ड्राइव्हवर घ्यायचा राहून गेलाय असं सांगावं.