रात्री अकरानंतरचे अप्पा

प्रत्येक फिल्म सोसायटीत एक अप्पा असतात. खादीचा झब्बा, खांद्याला शबनम, 'पाथेर पांचाली'चं नाव निघालं की आपोआप मिटणारे डोळे. हिंदी सिनेमा म्हटला की तोंड कडू.

आमच्या अप्पाकाकांचं बिंग फुटलं ते मी मुक्कामाला होतो त्या रात्री. पाणी प्यायला उठलो, तर हॉलमध्ये अंधार, टीव्हीचा आवाज अगदी बारीक, आणि पडद्यावर रामसे बंधूंचा 'पुराना मंदिर'!

"झोप येत नव्हती रे," अप्पा पुटपुटले. मी हलत नाही म्हटल्यावर मुकाट्याने सरकून जागा दिली. शेंगदाण्यांची वाटीही पुढे केली.

१९८४चा हा सिनेमा त्यांना तोंडपाठ आहे. सैतान सामरीचं मुंडकं एकीकडे, धड दुसरीकडे. दोन्ही जुळली की संपलंच. "आपल्या गावच्या जमिनीसारखं आहे बघ," अप्पा म्हणाले, "वेगळे आहेत तोवर शांतता."

भुताची त्यांना भीती नाही. जगदीपचे विनोद आले की मात्र घाबरून पुढे ढकलतात.

रामशांच्या काटकसरीवर तर ते फिदाच. सात भाऊ! एक कॅमेऱ्यामागे, एक आवाजाला, एक संकलनाला, दोघं दिग्दर्शनाला. बाहेरून आणायचं फक्त भूत. १९७२च्या 'दो गज़ ज़मीन के नीचे'साठी सगळं कुटुंब महाबळेश्वरला गेलं. "आपण तिथून स्ट्रॉबेरी आणतो, त्यांनी सिनेमा आणला!"

आणि सामरी झालेला अनिरुद्ध अग्रवाल? रुरकीला शिकलेला सिव्हिल इंजिनीअर. हे सांगताना अप्पांचा आवाज आदराने खाली येतो. (चिरंजीव कॉमर्सला गेले, हे दुःख अजून ओलं आहे.)

"पण अप्पा, तुम्ही आणि हे?"

"यात आपले सदाशिव अमरापूरकर आहेत. 'अर्धसत्य'मधला रामा शेट्टी! म्हणजे धागा समांतर सिनेमाचाच की."

तेवढ्यात आतून काकूंचा आवाज आला, "अहो, कोण ओरडतंय?" अप्पांनी झटकन बातम्या लावल्या. तिथे चर्चा चालली होती, त्यामुळे शंका आली नाही.

येत्या रविवारी सोसायटीत बर्गमन आहे. प्रास्ताविक अप्पा करणार. शनिवारी रात्री अकराला घरी 'वीराना'. आलात तर बेल वाजवू नका, दार नुसतं लोटलेलं असेल. करकरतं, पण ते अप्पांनी मुद्दामच तसं ठेवलंय.