एवढंसं तर आहे

आमचे भाऊजी गुहागरचे. घराच्या मागल्या दारी समुद्र, पण लहानपणी त्याची त्यांना कधी मातब्बरी वाटली नाही. आता न्यू जर्सीत, एडिसनच्या दिवाणखान्यात त्यांनी ७५ गॅलनचा समुद्र हौसेने मांडलाय. पाणी आरओचं, मीठ बादलीने विकत आणलेलं. ‘गुहागरला हे फुकट होतं,’ असं ताई एकदाच म्हणाली. त्यावर भाऊजींनी तिला क्षारता म्हणजे काय ते पाऊण तास समजावलं. तेव्हापासून ती बोलत नाही, नुसतं विजेचं बिल समोर ठेवते.

मी पोचलो त्या दिवशी घरावर सुतकी कळा होती. बॅग टेकवतो न टेकवतो तोच भाऊजींनी मला काचेपाशी नेलं. “बघ. आलंय.”

प्रवाळांवर, दगडांवर, वाळूवर तांबडी मखमली साय धरली होती आणि सायीवर मोत्यांसारखे बुडबुडे. “छान दिसतंय की,” मी म्हणालो. ताईने डोळे वटारले.

“सायनोबॅक्टेरिया!” भाऊजी म्हणाले. “लोक शेवाळ समजतात. शेवाळ नव्हे, जिवाणू! ते बुडबुडे प्राणवायूचे. सुमारे २४० कोटी वर्षांपूर्वी पृथ्वीच्या हवेत प्राणवायू साठला, तो ह्यांच्याच वाडवडिलांनी सोडलेला. आणि आता माझ्या प्रवाळांचा उजेड अडवून बसलेत.” आवाजात संताप होता, पण घराण्याबद्दल आदरही होता.

तपास कसून चालला होता. नायट्रेट, फॉस्फेट, खारटपणा, सगळं तारीखवार वहीत. प्रवाह पोचत नाही त्या कोपऱ्यात साय जास्त, म्हणून पंख्याचं तोंड रोज फिरवायचं. आरओचा पडदा जुना झाला का, ते टीडीएसच्या कांडीने बघायचं. हीच कांडी त्यांनी माझ्या पिण्याच्या पेल्यातही बुडवली आणि आकडा बघून माझ्याकडे करुणेने पाहिलं. साय उडवायला टर्कीवर रस सोडायची पिचकारी आणली होती. घर शुद्ध शाकाहारी. त्या घरात शिरलेली टर्कीची ही एकमेव निशाणी. फ्रीझरमध्ये मात्र उकडीच्या मोदकांशेजारी जवळ्याएवढ्या कोळंबीच्या गोठलेल्या वड्या होत्या. त्या धुवायला गेलेली चहाची गाळणी ताईने पुन्हा मागितलीच नाही.

रात्री जेवायला श्रीखंड होतं. भाऊजी वाढायला उभे राहिले की पानावर आडवा हात धरून उपयोग नसतो. ते बोटांच्या फटीतून वाढतात. “एवढंसं तर आहे!” तिसऱ्या वाटीनंतर मी भिंतीला टेकलो, तेव्हा ते माशांकडे वळले. दोन क्लाउनफिश काचेला तोंडं लावून उभे होते.

“ही वडी ह्यांची.” टाकली. “ही प्रवाळांची.” टाकली. “आणि हा बघ, बिचारा कसा बघतोय.” तिसरी गेली. दोन माशांना एक वडी दोन दिवस पुरावी. उरलेलं वाळूत बसलं.

“भाऊजी, फॉस्फेट खाण्यातूनच येतं ना?”

“मग! लोक भसाभस टाकतात. अंदाज नसतो.”

मी माझ्या वाटीकडे पाहिलं. रोगाचं निदान झालं होतं, पण डॉक्टरला सांगायचं कोणी?

शेवटी जालीम उपाय ठरला. तीन दिवस संपूर्ण काळोख. मासे आणि प्रवाळ तेवढं सोसतात. उजेडावर जगणारी साय मात्र खंगते. औषधही मिळतं, पण साय एकदम मेली की पाण्यातला प्राणवायू घटतो, म्हणून भाऊजींना ते नको होतं. दिवे बंद झाले. टाकीवर आईने पाठवलेली, जुन्या लुगड्यांची गोधडी चढली. घरात सगळे हळू बोलू लागले.

दुसऱ्या रात्री एकच्या सुमाराला पाणी प्यायला उठलो, तर गोधडीखाली मोबाइलचा उजेड. बाहेर भाऊजींची फक्त पाठ.

“भाऊजी?”

ते दचकले. हातात वडी होती. “अरे, दोन दिवस काळोखात बसलीयत. वर उपाशी ठेवायचं? एवढंसं तर आहे!” मग गोधडीचा कोपरा नीट खोचत म्हणाले, “तू जागाच आहेस तर घे ना. श्रीखंड उरलंय.”

मी वाटी पुढे केली. त्या सायीचंही असंच होत असणार. बिचारी केव्हाची निघालीय, पण यजमान पानावरून उठू देतील तर ना!